दोन नंबरचा रिमोट

मित्रांनो, मी एक जुना रिमोट आहे. टीव्हीचा नव्हे. टीव्हीच्या रिमोटचं नावसुद्धा माझ्यासमोर काढू नका. त्याचं-माझं बिनसलेलं आहे, आणि ते कशावरून, हे शेवटी सांगेन. मी टीव्हीवर खेळायच्या गेमचा रिमोट. डब्यावर मला कंट्रोलर म्हटलं होतं, दुकानदार जॉयस्टिक म्हणाला, पण सुरतेत आमच्या गोडादऱ्याच्या गल्लीत सगळ्यांनी मला रिमोटच केलं. डाव्या अंगाला अधिकाच्या खुणेसारखं काळं बटण, उजव्या अंगाला दोन लाल बटणं, आणि शेपटीला लांबलचक तार. असा मी.

माझा जन्म जपानच्या राजवाड्यात झाला. खुद्द राजाने मला पहिल्यांदा हातात घेतलं आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. हे मी डब्यात माझ्या शेजाऱ्याला इतक्या वेळा सांगितलं की पुढे पुढे मलाही ते खरं वाटू लागलं. खरी गोष्ट अशी की दिल्लीकडच्या एका बोळात, पत्र्याच्या खोलीत, सात-आठ बायका मांडी घालून बसल्या होत्या. एकीने माझ्या पोटात हिरवी पाटी ठेवली, दुसरीने रबर बसवलं, तिसरीने झाकण लावून पाच स्क्रू पिळले. राजा नव्हता. एक मांजर मात्र होतं.

माझं पोट आतून कसं चालतं तेही ऐकून ठेवा, पुढे लागेल. प्रत्येक बटणाखाली रबराची टोपी असते. टोपीच्या आत काळा ठिपका. तुम्ही बटण दाबलं की तो ठिपका खालच्या पाटीवरच्या तांब्याच्या नक्षीला टेकतो आणि तारेतून हुकूम जातो. बोट उचललं की रबर टुणकन वर. बस्स, एवढंच. सगळी जादू त्या रबरात.

आता शेजाऱ्याबद्दल. एका डब्यातून आम्ही दोघे निघालो, अगदी जुळे. रंग एक, वजन एक, तारही एकाच मापाची. फरक इतकाच की त्याच्या पोटावर मधोमध आणखी दोन छोटी बटणं होती आणि माझं पोट कोरं. त्या दोनांतलं एक होतं 'सुरू'चं. ते दाबलं की खेळ सुरू होई. खेळताना दाबलं तर खेळ जागच्या जागी थांबे. म्हणजे जगाची किल्लीच म्हणा ना. तो एक नंबर आणि मी दोन नंबर. आणि सुरतेत दोन नंबरचा माल म्हटलं की माणसं हळूच हसतात आणि मागच्या दाराकडे बघतात. असलं नाव घेऊन मला जन्म काढायचा होता. मित्रांनो, मी त्याच्यावर जळायचो. दिवसा जळायचो, डब्याच्या अंधारात तर फारच.

आम्हाला विकत घेतलं छगनने. छगन मूळचा धुळ्याकडचा, सुरतेत संचावर कापड विणायचा. संचा म्हणजे यंत्रमाग, आणि संचे चालतात त्या शेडला तिथे खातं म्हणतात. दिवाळीला खातं बंद झालं तसा तो चौटा बाजारात आला. त्याने एक नंबर हातात घेतला आणि कापड पारखावं तसा उलटासुलटा केला. प्रत्येक बटण दाबून ते चटकन वर येतं का पाहिलं. तार जिथे अंगातून बाहेर पडते ती मान जरा वाकवून पाहिली. मग पोरांचे तळवे आठवून, स्वतःची मूठ लहान करून, तो हातात मावतो का ते अजमावलं. रिमोट असाच निवडावा. डब्यावरचं चित्र आणि भडक रंग बघून नव्हे. पण हे सगळे लाड झाले एक नंबरचे. दुकानदाराने मला पुढे केलं, तर छगन म्हणाला, दुसरा तसाच असणार. तसाच! माझ्या कोऱ्या पोटावरून त्याने बोटसुद्धा फिरवलं नाही.

घरी चेतन आणि हर्षदा वाट बघत होती. चेतन नववीत, हर्षदा सहावीत. डबा उघडताच चेतनने एक नंबर उचलला आणि मी मोठा आहे, म्हणून हा माझा, असं जाहीर केलं. हर्षदाच्या वाट्याला मी. तिने मला उलटं केलं, सुलटं केलं, माझ्या पोटावर अंगठा फिरवला आणि विचारलं, याला सुरूचं बटण कुठाय? तेव्हाच मी ओळखलं की ही पोरगी माझ्याच जातीची आहे. तिच्याही पोटात दुखतं.

घरात एक कुस्तीची कॅसेट होती. टीव्हीवर दोन पहिलवान, एक चेतनचा, एक तिचा. तीन पाडाव करील तो जिंकला. सुरू चेतन करायचा. आणि हर्षदाचा पहिलवान त्याच्या छातीवर बसायला आला की हा शांतपणे बटण दाबून खेळ थांबवायचा, पाणी पिऊन येतो म्हणायचा, तांब्या रिकामा करून यायचा. परत सुरू करताना तो तयार असायचा आणि हिचा अंगठा थंड पडलेला असायचा. असं त्या घरात जितकं पाणी प्यायलं गेलं, तितकं तापीत पुराच्या वर्षीसुद्धा नव्हतं. हे जरा वाढवून सांगतोय, पण फार नाही.

तरी हर्षदाचा अंगठा दिवसेंदिवस हुशार होत गेला, आणि त्याला कारण छगनची रात्रपाळी. एक आठवडा दिवसाची पाळी, एक आठवडा रात्रीची. रात्रपाळीच्या आठवड्यात तो दिवसभर घरात झोपायचा. पोरं आवाज बंद करून खेळायची. पण छगन असा विचित्र माणूस, की चाळीस संचांच्या खडखडाटात उभ्याने डुलकी काढील आणि घरात एक बटण टक् वाजलं की ताडकन उठून बसेल. चेतनला टकटक केल्याशिवाय खेळताच येईना. हर्षदाने मात्र टक् न करता दाबायची युक्ती काढली: अंगठ्याचं टोक नाही, पोट टेकवायचं, आणि हवं तितकंच दाबायचं. त्या हळुवार दाबाने माझं रबर ताजं राहिलं आणि तिचा पहिलवान विजेसारखा हलू लागला. तिकडे एक नंबरला चेतन अंगठ्याने नुसता कुटत होता. हरला की गादीवर आपटत होता. मला वाईट वाटायला हवं होतं. मला गुदगुल्या होत.

या पोरांची आई सुंदरा. ती घरातच यंत्रावर बॉबीन भरायची. खेळ संपला की ती आम्हाला उचलायची आणि आमची तार आमच्याच अंगाभोवती बॉबीनसारखी घट्ट गुंडाळून टाकायची. हाताला वळणच ते. त्यापायी माझ्या मानेत जी कळ आली ती आजही आहे. हर्षदाने एकदा ते पाहिलं आणि माझी तार सोडवून सैल वेटोळं घालून ठेवलं. एक नंबरची तशीच राहू दिली.

हीच सुंदरा एकदा बॉबीनच्या यंत्राला तेल घालत होती. हर्षदा मदतीला बसली होती. यंत्राला एक रबराची चाकी होती. पोरीची तेलाची बुधली तिकडे वळली तशी सुंदराने तिचा हात धरला.

"रबरले तेल लावू नको वं," ती म्हणाली. "फुगी जास."

हे वाक्य हर्षदाने ऐकलं, आणि फळीवरून मीही. ध्यानात ठेवा.

श्रावण आला आणि कानबाईचे दिवस जवळ आले. कानबाई म्हणजे आम्हा खानदेशी लोकांची देवी. श्रावणातल्या एका रविवारी तिला घरात बसवायचं, नैवेद्याचे गव्हाचे रोट करायचे, भाऊबंद गोळा करायचे आणि सोमवारी नदीवर पोचवायचं. छगनच्या घराण्यात रोटांचे गहू घरातल्या पुरुषांच्या नावाने मुठीमुठीने काढत. छगनच्या नावाची मूठ, चेतनच्या नावाची मूठ. हर्षदाने विचारलं, माझी? सुंदरा म्हणाली, तुझी तुझ्या सासरी. सासरीही पुरुषांच्याच नावाच्या, हे तिला माहीत होतं, पण ते ती बोलली नाही. त्या दिवशी हर्षदाने मला इतकं घट्ट धरलं की माझे स्क्रू करकरले.

त्याच संध्याकाळी तिने चेतनला विचारलं की एक नंबर तिला कधी मिळणार. बमरोलीचा चुलतभाऊ लखन तेव्हा दारात बसला होता. त्याच्यासमोर चेतनला जोर चढला.

"कानबाईच्या रविवारी सगळ्यांसमोर मला हरव," तो म्हणाला. "मग एक नंबर तुझा. कायमचा."

"आणि पाणी प्यायचं नाही," हर्षदा म्हणाली.

लखन इतका हसला की पायरीवरून घसरला.

दोन आठवडे राहिले होते. आता चेतनच्या अंगठ्याची आणि हर्षदाच्या अंगठ्याची गाठ होती. आणि नेमक्या त्याच आठवड्यात चेतनने जिलबी खाल्ल्या हातांनी खेळ मांडला. पाक एक नंबरच्या लाल बटणाच्या फटीतून आत उतरला. बटण खाली गेलं की वर येईना. कोरड्या फडक्याने पुसून, कापसाच्या ओल्या बोळ्याने कडेकडेने पाक काढला असता तर तासाभरात काम झालं असतं. पण छगनचा जन्म संचावर गेलेला. संचाचं जे काही अडतं त्यावर त्याच्याकडे एकच औषध.

त्याने एक नंबरचं झाकण उघडलं आणि तेलाची बुधली घेऊन बसला. "संचाले जे चालस, ते ह्याले बी चालस," तो म्हणाला.

सुंदरा बाहेर नळावर होती. हर्षदा समोरच बसली होती, मी तिच्या मांडीवर. बुधलीची चोच रबराकडे वळली. हर्षदाचे ओठ हलले. मला वाटलं, आता बोलते. मी मनातल्या मनात ओरडलो, बोलू नको! आणि खरंच, ती बोलली नाही. तिने ओठ मिटले आणि माझ्या कोऱ्या पोटाकडे बघत राहिली. तिला वाटलं असेल की थोडं फुगेल, चेतनचं बटण थोडं जड होईल, तिला थोडं सोपं जाईल. पण छगनला थोडं म्हणजे काय ते माहीत नव्हतं. त्याने एक नंबरला तेलाने आंघोळ घातली.

मित्रांनो, तो दिवस माझ्या आयुष्यातला सोन्याचा दिवस होता. दोन दिवसांत एक नंबर फुगला. लाल बटणं मेली, काळं बटण मेलं, आणि त्या दोन छोट्या बटणांचंही तेच. मी फळीवर छाती काढून बसलो. मला माझा राज्याभिषेक दिसत होता. चेतनने त्याची तार काढली आणि माझी तार खेळाच्या यंत्रावरच्या एक नंबरच्या खाचेत खोचली. अखेर! टीव्हीवर कुस्तीचं चित्र आलं, दोन पहिलवान कमरेवर हात ठेवून उभे राहिले, आणि खाली अक्षरं लुकलुकू लागली की सुरूचं बटण दाबा.

सुरूचं बटण. ते माझ्याकडे होतं कुठे?

चेतनने माझं सगळं अंग दाबून पाहिलं. पहिलवान तसेच उभे. अक्षरं तशीच लुकलुकत. त्याच्याशिवाय मी म्हणजे नुसतं तारेला बांधलेलं साबणाचं डबडं, हे मला त्या दिवशी कळलं. ज्याच्या मरणाची वाट पाहिली, तो मला सोबत घेऊन मेला.

छगन पाळीवरून आला आणि चेतनवर बरसला. तू आपटलास, तू कुटलास, तुझ्यामुळे बिघडलं. चेतन खाली मान घालून उभा. आपलं तेल चुकलं असेल हे छगनच्या स्वप्नातही नव्हतं. शेवटी तो म्हणाला की हे भांडणाचं घर मला नको, कानबाईला भाऊबंद येतील तेव्हा ज्याला हवं त्याला सगळा डबा देऊन टाकतो. आणि छगन भाऊबंदांत एकदा म्हणाला की ते होणार, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. रविवारला आठ दिवस होते.

पुढचे दोन दिवस हर्षदा जेवली नाही म्हटलं तरी चालेल. शिव्या चेतनने खाल्ल्या आणि उपास तिला घडला. तिसऱ्या दिवशी ती आईच्या यंत्राशेजारी जाऊन बसली. यंत्र घरघरत होतं.

"माय," ती म्हणाली, "माले माहीत व्हतं."

"काय माहीत व्हतं?"

"रबर फुगी जास ते. अप्पा तेल घालत व्हतात तवय."

यंत्र थांबलं. ते सुंदराने थांबवलं, पण मला आजही वाटतं की ते आपणहून थांबलं. सुंदरा पोरीकडे वळली.

"मंग तोंड का उघडं नही?"

सुंदराने मारलंही नाही आणि समजूतही काढली नाही. तिने पदर खोचला, डबा उचलला आणि पोरीला घेऊन भाईदासच्या दुकानात गेली.

भाईदास हा नाक्यावरचा रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा म्हातारा. चष्म्याच्या एका काडीच्या जागी तार. त्याने एक नंबर उघडला, बोटाला तेल लागलं, ते हुंगलं.

"आ शुं कर्युं, बेन?" तो म्हणाला. "रिमोट छे के भजियुं?"

सुंदराने सांगितलं की तिच्या मालकाने प्रेमाने घातलंय. भाईदास म्हणाला की प्रेमाने घातलेल्या तेलावरच त्याचं दुकान चालतं. मग त्याने फुगलेली रबरं चिमट्याने काढली, साबणाच्या पाण्यात बुचकळली आणि सांगितलं की घरी नेऊन पुसून ऊबेत सुकवा. तव्यावर नाही, चुलीजवळ नाही, मंद ऊब पाहिजे. थोडी उतरतील. हिरव्या पाटीवरचं तेल त्याने कापसाने टिपलं आणि तांब्याची नक्षी शाळेच्या खोडरबराने घासून लख्ख केली. लाल आणि काळी बटणं चालतील, तो म्हणाला, पण ती दोन छोटी नाहीत. त्यांची रबरं चिमट्यातच फाटली होती. म्हणजे सुरूचं बटण गेलं ते गेलंच.

हर्षदाने मला पुढे केलं. याच्यात काही होईल का?

भाईदासने माझे पाचही स्क्रू काढले. जन्मानंतर माझ्या आत हात घालणारा तो पहिलाच माणूस. त्याने माझी हिरवी पाटी उजेडात धरली आणि एकदम हसला.

"हे बघ बेटा," तो त्याच्या तोडक्या मराठीत म्हणाला. "जागा तर आहेच. कंपनीने छापलेली आहे. फक्त वरून भोक पाडलं नाय."

मित्रांनो, मी आजवर पुष्कळ थापा मारल्या, पण हे खरं आहे. सुरूची नक्षी माझ्या पोटात जन्मापासून होती. दोघांची पाटी एकच. त्या पत्र्याच्या खोलीत कोणीतरी माझ्या झाकणाला भोक पाडलं नव्हतं, एवढंच. आणि मी इतके महिने जळत राहिलो, शेजाऱ्याच्या पोटाकडे बघत. माझ्या स्वतःच्या पोटात काय आहे, हे मला दुसऱ्याने स्क्रू काढल्यावर कळलं.

भाईदासने झाळ द्यायच्या तापलेल्या सळईने माझ्या पोटाला भोक पाडलं. दुखलं का? राजाही रडला असता. मग रबराचा एक तुकडा कापून त्याच्या तळाला सिगारेटच्या पाकिटातली चमकी चिकटवली आणि तो नक्षीवर बसवला. वरून दाबायला एखादं टोपण मात्र तुम्हीच शोधा, म्हणाला. काहीही चालेल, पण अंगठ्याला सापडलं पाहिजे.

रबरं सुकायला बाहेर ऊन नव्हतं. श्रावणातलं सुरत. सुंदराने ती चालू टीव्हीच्या डोक्यावर मांडली. तिथे छान ऊब असे. तीन दिवस टीव्ही लावून ठेवावा लागला आणि तीन दिवस घरातल्या कोणालाच अभ्यास जमला नाही. हळूहळू फुगवटा उतरला.

शनिवारी चेतन माझ्या भोकात डोकावून बघत होता. हर्षदा त्याच्यासमोर बसली.

"दादा, तेल नको घालायला, हे मला माहीत होतं."

चेतनने मला खाली ठेवलं. "मग बोलली का नाहीस?"

"तू हरावास म्हणून."

तो उठून बाहेर गेला. संध्याकाळपर्यंत आला नाही. हर्षदाने दारातून दहा वेळा वाकून पाहिलं. तो आला, हातपाय धुतले, जेवला, तिच्याकडे पाहिलंही नाही. मग माझ्याजवळ बसला, शाळेच्या शर्टाची बाही तोंडाशी नेली आणि मनगटाचं पांढरं बटण दातांनी तोडलं. ते हर्षदाच्या पुढ्यात टाकलं.

"हे लाव," तो म्हणाला. "मोठं आहे. अंगठ्याला सापडेल."

हर्षदाने ते त्याच रात्री चिकटवलं. चार भोकांचं, शर्टाचं बटण, माझ्या पोटावर मधोमध. आरशात पाहिलं असतं तर मी विदूषक दिसलो असतो. पण तुम्हाला सांगतो, राजाच्या मुकुटावरही असं काही नसेल.

रविवारी कानबाई बसली. रोट झाले. बमरोलीचे सगळे आले, लखन पुढे. छगन म्हणाला, चालत असेल तर दाखवा, नाहीतर डबा आजच जातो. माझी तार एक नंबरच्या खाचेत गेली. एक नंबर माझ्या जागेवर बसला. चेतन तो हातात घेऊन बसला, स्वतःहून. टीव्हीवर अक्षरं लुकलुकली. हर्षदाने शर्टाच्या बटणावर अंगठ्याचं पोट टेकवलं आणि हवं तितकंच दाबलं.

पहिलवान हलले. छगनने लखनच्या बापाला जरा सरकून बसायला सांगितलं, म्हणजे आपल्याला नीट दिसेल.

दोघांचे दोन-दोन पाडाव झाले. शेवटचा राहिला. एक नंबरचं रबर अजून जड होतं, तरी चेतनने जीव लावून खेळ केला आणि हर्षदाच्या पहिलवानाला कोपऱ्यात दाबलं. तिचा अंगठा शर्टाच्या बटणावर गेला. मी ओरडलो, दाब! थांबव! त्याने तुला वर्षभर पाणी पाजलंय, तू त्याला एकदा तरी पाज! खोलीतल्या सगळ्यांनी तो अंगठा पाहिला. चेतननेही पाहिला.

अंगठा तिथेच टेकून राहिला. आणि उचलला गेला.

तिचा पहिलवान पडला. लखन नाचला. माझ्या पोटात अशी आग पडली की शर्टाचं बटण वितळायला हवं होतं. मी माझ्या जागेवर बसलेल्या एक नंबरकडे पाहिलं. त्याचं पोट आता फाटक्या भोकांचं, कोरं, आणि तो जिंकला असूनही माझ्या बटणाकडे बघत होता. अगदी तसाच, जसा मी त्याच्याकडे बघायचो. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, खोटं कशाला सांगू. पण पाव तासही टिकला नाही.

चेतनने एक नंबर मांडीवर ठेवला. शर्त तो जिंकला होता. सुरूचं बटण मागायचा त्याला हक्क होता. सगळे तो हात पुढे करतो का ते बघत होते. त्याने हात पुढे केला नाही.

"सुरू कर," तो हर्षदाला म्हणाला. "आणखी एक."

डबा घरातून गेला नाही. छगन एवढंच म्हणाला की आज देवीसमोर काही देऊ-घेऊ नये. असा नियम कुठे नाही. पण त्या घरात थापा मारणारा मी एकटाच होतो असं कोणी म्हणालं?

आता त्याला तीन वर्षं झाली. घरात रंगीत टीव्ही आला, आणि त्याच्यासोबत तो, टीव्हीचा रिमोट. त्याला प्लास्टिकचा अंगरखा, त्याला दर काही महिन्यांनी नवे सेल, त्याला उशीशेजारी जागा. कोणी म्हटलं, रिमोट दे रे, की डब्यात माझं काळीज हलतं. हात मात्र त्याच्याकडे जातो. चेतन कतारगामला हिऱ्यांच्या कारखान्यात कामाला लागला, हर्षदा दहावीच्या तयारीला. आम्ही दोघे एकाच डब्यात, सैल वेटोळं घातलेल्या तारांसह. तो अजून माझ्या पोटाकडे बघतो. मी अंग चोरून त्याला थोडी जागा करून देतो.

मित्रांनो, तुमच्याकडे माझ्यासारखा कोणी असेल तर त्याला जिलबीच्या हातांनी धरू नका. हरलात तर राग त्याच्यावर काढू नका. तार मानेत आवळू नका. अडला तर तेल नको, कोरडं फडकं घ्या. आणि तुमच्या घरी दोन असतील, तर कधीतरी दुसऱ्याच्याही पोटात डोकावून बघा.

मला महिन्यातून एकदा हर्षदा बाहेर काढते आणि पुसते. ते फडकं म्हणजे चेतनचा शाळेचा जुना शर्ट. त्याच्या एका बाहीला बटण नाही.